उठलेली शिवण

चेंडू अजून माझ्याकडेच आहे. स्पर्धा संपली त्या संध्याकाळी सगळं साहित्य मोजून जमा केलं, तेव्हा हाही जमा केला होता. पण साहित्य उतरवून घेणाऱ्या लिपिकानं त्याच्यावरून बोट फिरवलं, "ह्याची शिवण गेली सर, ठेवून काय करू," म्हणाला आणि परत माझ्या हातात दिला. तेव्हापासून तो स्टाफरूममधल्या माझ्या कप्प्यात आहे. ऑफ तासाला काढून हातात घेतो. अंगठ्याचं नख शिवणीवरून ओढलं की बारीक कर्रकर्र होतं, कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसं. नव्या चेंडूवर असं होत नाही.

या चेंडूचा निर्णय मी दिला, आणि तो नियमाला धरून दिला. तीन आठवडे झाले, तरी तो डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि अठरा वर्षं सॉफ्टबॉलला पंच म्हणून उभा राहतोय. मराठवाड्यात हा खेळ शाळाशाळांतून खेळला जातो, पण पालकांना तो ग्रेस गुणांपुरता आणि नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणापुरता ठाऊक असतो. "सर, ह्याचे मार्क किती मिळतात?" हा पहिला प्रश्न. खेळात काय चालतं हा प्रश्न अठरा वर्षांत मला किती जणांनी विचारला ते बोटांवर मोजता येईल. म्हणून थोडक्यात सांगतो. बेसबॉलचाच भाऊ. चेंडू मोठा, घेर १२ इंच, वजन १७८ ते १९८ ग्रॅमच्या दरम्यान. टाकायचा खालून, हात कमरेजवळून नेऊन, आणि महिलांच्या सामन्यात अंतर फक्त ४३ फूट. टाकणारी ती पिचर, बॅटरच्या मागं बसून झेलणारी ती कॅचर. नावात सॉफ्ट आहे ते जुन्या काळचं. १८८७ साली शिकागोत एका हॉलमध्ये बॉक्सिंगच्या ग्लोव्हचा बांधून गोळा केला आणि खेळ सुरू झाला, तिथून ते मऊपण आलं. आजचा चेंडू बोटाचं हाड मोडतो. माझं मोडलेलं आहे.

पंच डोळ्यांनी काम करतो असं बाहेरच्या माणसाला वाटतं. निम्मं काम कानांचं असतं. पहिल्या बेसवर, म्हणजे चेंडू मारल्यावर पळत गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, पळणारी आणि चेंडू एकाच वेळी येतात. दोन्हीकडं एकदम बघता येत नाही. म्हणून नजर ठेवायची बेसवर, पाय कधी पडतो त्याच्यावर, आणि कान द्यायचा ग्लोव्हला. पायाआधी 'थप्प' ऐकू आलं की आउट. नव्या पंचांना मी हे पहिल्या दिवशी शिकवतो आणि त्यांना पटायला वर्ष लागतं. होमप्लेटच्या, म्हणजे बॅटरपाशी जमिनीत बसवलेल्या पाटीच्या, मागंही तसंच. चेंडू बॅटच्या कडेला पुसटसा लागून कॅचरच्या हातात गेला का, हे दिसत नाही, ऐकू येतं. चेंडू मुलीच्या बाहीला लागला की बॅटच्या मुठीला, तेही आवाजावरूनच कळतं. कापडाचा आवाज मेलेला असतो.

आणि पिचिंगचे आवाज तर ओळीनं येतात. आधी पिचरचा मागचा पाय मुरमावर घासतो, खर्रर्र. मग हात पूर्ण गोल फिरून खाली येतो आणि मनगटाच्या वरचा भाग कमरेला घासून जातो, त्याचा एक छोटा फट्. तिथंच चेंडू सुटतो. मग शांतता. मग कॅचरच्या ग्लोव्हचा आवाज. शालेय स्पर्धेत हे असंच असतं. चेंडूचा स्वतःचा आवाज शंभरातल्या एखाद्या पिचरचाच येतो, आणि तोही एखाद्याच चेंडूला.

सात नंबरच्या मुलीचा प्रत्येक चेंडूला येत होता.

विभागीय स्पर्धा होती, १७ वर्षांखालील मुलींची, शेवटचा दिवस. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. काळ्या मातीचं मैदान, आठवडाभर आधी पाऊस झालेला, वरून कडक आणि खाली ओलं. पिचरच्या वर्तुळात तेवढा मुरूम टाकला होता. सकाळी दव इतकं पडायचं की फक्कीच्या रेषा दहा वाजेपर्यंत ओल्याच. तीन दिवसांच्या स्पर्धेला आम्हाला सहा चेंडू मिळाले होते. सहा. सत्काराच्या शाली त्याहून जास्त होत्या, हे मी मोजूनच सांगतो. सकाळी दवात भिजलेला चेंडू दुपारी उन्हात वाळतो, कातडं आकसतं आणि शिवणीचा धागा वर येतो. कव्हरला प्रत्येक बाजूनं किमान ८८ टाके असतात, दोन सुयांनी घातलेले. शिवण चामड्याच्या पातळीत बसलेली असली पाहिजे. तिसऱ्या दिवशी वापरलेल्या पाचांतल्या एकाही चेंडूची तशी उरली नव्हती. सहावा, कोरा चेंडू अंतिम सामन्यात लागलाच तर असावा म्हणून मी डबा न फोडता बाजूला ठेवला होता. बाकीच्यांतला त्यातल्या त्यात बरा होता तो खेळात घातला.

अंतिम सामना एका शहरातल्या मोठ्या शाळेचा आणि गोदाकाठच्या एका खेड्यातल्या शाळेचा. शहरातल्या संघाला दोन प्रशिक्षक, सगळ्यांना सारखे स्पाइक्स, तीन बॅटा. खेड्यातल्या संघात दहा मुली. बारा जणींची यादी दिली होती, दोघी सोयाबीन काढायला थांबल्या. त्यांचे सर एकटेच, तेच मॅनेजर, तेच प्रशिक्षक, आणि पाण्याचा जारही तेच उचलत होते.

सात नंबर म्हणजे त्यांची पिचर. दहावीतली, उंची बेताची, खांदे रुंद. सरावाचे पाच चेंडू तिनं हळू टाकले. मग मी "प्ले बॉल" म्हटलं आणि तिनं पहिला खरा चेंडू टाकला.

मी लहान असताना आजोबांबरोबर ज्वारीच्या राखणीला जायचो. माळ्यावर उभं राहून आजोबा गोफण फिरवायचे. सुटताना दोरीच्या टोकाचा फटाका व्हायचा, आणि मग गुंडा सूंऽऽ करत कणसांवरून जायचा. पाखरं दगड लागून उडायची नाहीत, त्या सूं आवाजानंच उडायची. तो आवाज मी चाळीस वर्षांनी होमप्लेटच्या मागं, मास्कच्या आतून ऐकला. फरक एवढाच की हा माझ्याकडं येत होता. आधी सूं, बॅटरजवळ येताना त्यात फर्रर्र मिसळायचं, पतंगाच्या शेपटीची कागदी पट्टी वाऱ्यात फडफडावी तसं, आणि लगेच ग्लोव्हमध्ये थाड. माझ्या अंगावर काटा आला. मी कुठल्याही बाजूचा नाही, मला तसं होता कामा नये, पण झालं ते लिहितोय.

पहिल्या बॅटरनं बॅट हलवलीच नाही. दुसरी चेंडू येण्याआधीच मागं सरकली. तिसरीनं डोळे मिटून बॅट फिरवली. पाच डाव असेच गेले. पाच डावांत तिनं अकरा जणींना तीन स्ट्राइकवर, म्हणजे मारण्याजोगे तीन चेंडू सोडले किंवा हुकले म्हणून, बाद केलं. तिच्या संघानं चौथ्या डावात दोन रन काढले. दोन शून्य.

आता एक गोष्ट इथंच लिहून टाकतो, कारण पुढं ती लागणार आहे. दुसऱ्या डावात एक चेंडू फाउल होऊन कुंपणाजवळ गेला. परत आला तेव्हा मी तो पुसायला घेतला आणि शिवण हाताला लागली. तीन बोटं रुंदीएवढ्या जागेत धागा स्पष्ट वर आलेला होता. मी तो क्षणभर हातात धरला. डबा न फोडलेला चेंडू माझ्या मागं खुर्चीखाली होता. मी हा पुसला आणि पिचरकडं टाकला.

सहाव्या डावात शहरातल्या संघाची एक मुलगी चार बॉलवर, म्हणजे मारण्याजोग्या पट्ट्याबाहेर पडलेल्या चार चेंडूंवर, फुकट पहिल्या बेसला गेली, आणि त्यांचे प्रशिक्षक टाइम मागून माझ्याकडं आले. ते चांगले प्रशिक्षक आहेत, हेही सांगतो. त्यांच्या मुली पहाटे साडेपाचला मैदानावर असतात. पण त्या वेळी त्यांचा तोल गेला होता.

"सर, तिनं हाताला कायतरी लावलंय. नाहीतर बॉल कापलाय. तुम्ही इतके वर्षं उभे राहता, असा आवाज येतो का कधी?"

"वेग आहे तिला," मी म्हणालो.

"वेगाचा आवाज एवढा? माझ्या पोरी बॉल यायच्या आधीच मागं सरकायल्यात. हे नियमात बसत नाही. बॅटरचं लक्ष विचलित व्हायलंय. तुम्ही बॉल तपासा."

मागून पालकांचा गलका सुरू झाला. एकजण मोबाइल धरून कुंपणाच्या आत आला, त्याला बाहेर काढावं लागलं. दुसरे पंच, जे बेसवर होते, ते या सगळ्यात लांबच उभे राहिले. त्यांची ती पद्धतच आहे आणि मला ती पटत नाही. दोन पंच असतात ते दोघांनी मिळून सामना चालवावा म्हणून.

मी सात नंबरला बोलावलं आणि हात पुढं करायला सांगितला. पिचरच्या बोटांना चिकटपट्टी चालत नाही, कसलाही पदार्थ चालत नाही, हात कोरडा ठेवायला राळेची पूड तेवढी चालते. तिच्या हाताला पूडही नव्हती. नखं कापलेली. पहिल्या दोन बोटांच्या टोकांना घट्टे पडलेले, मी दाबून पाहिले, नाण्यासारखे कडक. आणि तळहातावर, मनगटापर्यंत, बारीक लाल ओरखडे. मी विचारलं, हे काय?

"सोयाबीनचं हाय सर. शेंगा टोचतेत." मग लगेच, "ते चालत नाही का?"

चालतं, म्हणालो.

मग चेंडू घेतला. सगळ्यांसमोर हळूहळू फिरवला. कातडं कुठं कापलेलं नाही, कुठं घासलेलं नाही, थुंकी नाही, माती नाही. शिवण उठलेली. मी प्रशिक्षकांना दाखवली आणि सांगितलं, सर, हाच चेंडू तुमचीही पिचर टाकतेय, सहा डाव झाले. तिच्या हातून आवाज येत नाही. ते म्हणाले, "म्हणजे बॉल खराब हाय हे तुम्ही मान्य करताय."

हो. ते मान्य करावंच लागत होतं. चेंडू खेळण्याजोगा आहे की नाही हे ठरवायचा अधिकार पंचाचा. शिवण उठलेला चेंडू दिसला की बदलायचा, त्यात दुमत नाही. मी डबा फोडला, प्लास्टिक काढलं, कोरा चेंडू तिच्या हातात दिला आणि जुना पिशवीत टाकला. कुणाचीच चूक नाही, निर्णय स्वच्छ, खेळ सुरू. कुंपणाबाहेरून टाळ्या पडल्या.

कोऱ्या चेंडूवर चकाकी असते. तो हातात बसत नाही. जाणते पंच नवा चेंडू सामन्याआधी तळहातांनी रगडून त्याची चकाकी मोडून ठेवतात. मीही ठेवतो. त्या दिवशी ठेवली नव्हती.

तिचा पहिला चेंडू जमिनीवर आपटला. दुसरा कॅचरच्या डोक्यावरून गेला. पळणारी दुसऱ्या बेसला. ती बोटं पँटला पुसत होती, पुन्हा पुन्हा. चौथ्या बॉलनंतर चेंडू घ्यायला दोन पावलं पुढं आली आणि हळूच म्हणाली, "सर, ह्यो निसटायलाय हातातून."

"खेळ बाळा," मी म्हणालो. दुसरं काही म्हणण्याचा मला अधिकार नव्हता.

तिचा मुख्य चेंडू खालून वर उठल्यासारखा यायचा. त्याला बोटं शिवणीवर आडवी लावून सुटताना मनगटानं उलटी फिरकी द्यावी लागते. फिरणाऱ्या चेंडूला हवा वर ढकलते, आणि ती फिरकी बोटांच्या टोकांना शिवणीची कड सापडली तरच लागते. कोऱ्या चेंडूवर तिला कड सापडत नव्हती. चेंडू सरळ यायला लागला. आवाज थांबला. मुली मागं सरकायच्या थांबल्या. एकीनं मध्यावरून जोरात मारला आणि दोन रन आले. दोन दोन.

सातव्या डावात तिच्या संघाला काही करता आलं नाही. शहरातल्या संघाची शेवटची बॅटिंग. दोन आउट झाल्या, पण तीनही बेस भरले. बॅटरवर तीन बॉल, दोन स्ट्राइक. पुढचा चेंडू बॉल पडला तर एक रन फुकट आत येणार आणि सामना संपणार.

तो चेंडू मी रोज पाहतो. बाहेरच्या बाजूला, खाली, गुडघ्याच्या रेषेवर. प्लेट १७ इंच रुंद असते. चेंडूचा थोडासा भाग जरी तिच्या कडेवरून गेला तरी स्ट्राइक. बॅटरनं बॅट हलवली नाही. कॅचरनं चेंडू धरला आणि ग्लोव्ह हलवला नाही, जिथं धरला तिथंच ठेवला. मैदान गप्प झालं. मी उठलो नाही, हात वर केला नाही, म्हणालो, "बॉल फोर."

रन आत आला. तीन दोन.

सात नंबरनं काही हातवारे केले नाहीत. कॅचरकडं गेली, तिचा मास्क काढायला मदत केली, रांगेत उभी राहून सगळ्यांशी हात मिळवले. माझ्याशीही. तो हात गरम होता. मग म्हणाली, "सर, तो जुना बॉल मला मिळंल का?" मी म्हणालो, साहित्य मोजून जमा करावं लागतं बाळा. ती "बरं" म्हणाली.

आता जे मला छळतंय ते सांगतो. तो शेवटचा चेंडू मला दिसला, पण ऐकू आला नाही. सहाव्या डावापर्यंत तिचा प्रत्येक चेंडू सूं करत यायचा आणि त्या आवाजाबरोबर माझी नजर आपोआप पुढं यायची. तो बाहेर चाललाय की आत येतोय, हे आवाजाच्या जागेवरून आधी कळायचं, मग डोळा ते पक्कं करायचा. हे असं होतंय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आवाज गेल्यावर माझी नजर तिच्या चेंडूच्या मागं पडायला लागली. एक डाव मी तसाच काढला, आणि निर्णायक चेंडूला पोचेपर्यंत माझी खात्री गेलेली होती. खात्री नसताना मी बॉल दिला. अठरा वर्षांत असं पूर्वी झालं असेलही, पण सामना त्याच्यावर संपला नव्हता.

एका पालकानं सामन्याचं मोबाइलवर हळू गतीचं चित्रीकरण केलं होतं. ते मी मागवून घेतलं. शेवटचा चेंडू तिसऱ्या बेसच्या बाजूनं घेतलेला आहे, त्यावरून बाहेरची कड कळत नाही. कितीही वेळा पाहिलं तरी कळत नाही. चित्रीकरणात आवाज आहे तो माणसांचा. चेंडूचा एकदाही नाही.

पण त्यातून दुसरं एक सापडलं. मोबाइल सेकंदाला २४० चित्रं घेत होता. मी एकेक चित्र पुढं सरकवत मोजलं. सात नंबरच्या हातातून सुटल्यापासून ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत १२३ चित्रं. म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. तिचं पाऊल पुढं पडतं तेवढं वजा केलं आणि कॅचर प्लेटच्या मागं असते तेवढं धरलं, तर अंतर साडेबारा मीटर. वेग ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास. समोरच्या पिचरची १६८ चित्रं भरली. ताशी ६४ किलोमीटर. जगातल्या मोठ्या पिचर ११० च्या पुढं टाकतात. अमेरिकेच्या मोनिका ॲबटनं २०१२ साली ७७ मैल, म्हणजे १२४ किलोमीटरच्या जवळ वेग नोंदवला. पण आपल्याकडं, दहावीत, सोयाबीनच्या शेतातून आलेल्या मुलीचे ८८ म्हणजे काय हे ज्यानं पिचर घडवायचा प्रयत्न केलाय त्यालाच कळेल.

आमच्या विज्ञानाच्या मॅडमना मी चेंडू दाखवला. त्यांनी दोन दिवस तो प्रश्न मनावर घेतला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, कारण शाळेत खेळाच्या माणसाचा प्रश्न कुणी एवढा मनावर घेत नाही. त्यांनी मला स्ट्रोहाल नावाच्या शास्त्रज्ञाचं सांगितलं. १८७८ साली त्यानं हवेत तार फिरवून ती कुठल्या सुरात गाते ते मोजलं होतं. तारेच्या मागं हवेचे भोवरे एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं सुटतात, आणि दर सेकंदाला किती सुटतात तो त्या आवाजाचा सूर. वेगाला जाडीनं भागायचं आणि त्याचा पाचवा हिस्सा घ्यायचा. आमचा अख्खा चेंडू धरला, जाडी ९.७ सेंटिमीटर, तर सेकंदाला पन्नासच कंपनं येतात, इतका खालचा सूर कानाला नीट लागत नाही. पण उठलेला धागा धरला, दीड मिलिमीटर, तर तीन हजारांच्या वर जातात. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो याच पट्ट्यात. मॅडम म्हणाल्या, हा तारेचा हिशोब आहे, चेंडूला तंतोतंत लागू करू नका सर, पण सूं कुठून येतं ते यातून कळतं. आणि फर्रर्र? चित्रीकरणात शिवण फिरताना दिसते. अर्ध्या सेकंदात नऊ-दहा फेऱ्या. एका फेरीत शिवण चारदा समोरून जाते. दर वेळी आवाज थोडा चढतो आणि उतरतो. तीच फडफड.

मग मी विचारलं, चेंडू तोच असताना दुसरीच्या हातून आवाज का नाही? त्या म्हणाल्या, असा आवाज वेगाच्या सहाव्या घातानं वाढतो. कागदावर करून दाखवलं. ८८ आणि ६४. वेग दीडपटसुद्धा नाही. आवाजाची ताकद पावणेसातपट.

म्हणजे मैदानावर मी जे म्हणालो होतो, वेग आहे तिला, ते खरं होतं. मला ते सिद्ध करता आलं नाही एवढंच. आणि समोरच्या प्रशिक्षकांचंही खरं होतं, कारण शिवण उठलेली होतीच.

हे सगळं सांगायला मी तिच्या सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २००८ साली जपानच्या पिचर उएनोनं दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले होते, आपल्या पोरीनंही दोन दिवसांत तीन सामने टाकले, सातव्या डावात ती थकलीच असणार, हेही मी म्हणालो. ते "हाव, थकली होती" म्हणाले. मग विचारलं,

"सर, एक इचारू का? राग मानू नका. बॉल बदलायला पाहिजेच होता?"

"हो. शिवण उठली होती."

"मग तुम्हाला ती आधी लागली नव्हती का हाताला?"

मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या डावात लागली होती.

ते काही बोलले नाहीत. मीही नाही. दुसऱ्या डावात बदलला असता तर दोन्ही पिचरना पाच डाव नवा चेंडू मिळाला असता. तिला तो हाताखाली घालायला वेळ मिळाला असता, डाव शून्य शून्यवर होता, कुणाचं काही अडलं नसतं. मी नाही बदलला, कारण मला तो आवाज ऐकायचा होता. आणि सहाव्यात बदलला, कारण दुसऱ्या कुणाला तो नको होता. शिवण दोन्ही वेळी तेवढीच उठलेली होती.

हे मी त्यांना फोनवर म्हणालो. अडखळत म्हणालो, पण म्हणालो. ते म्हणाले, "तिला सांगा सर हे. मी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगा."

दिवाळीच्या सुट्टीत जातोय. शाळेच्या मागच्या भिंतीवर त्यांनी फक्कीनं चौकोन काढलाय, ती रोज सकाळी तिथं शंभर चेंडू टाकते म्हणाले. स्पर्धेनंतर सरांनी स्वतःच्या पैशानं एक कोरा चेंडू आणून दिलाय, तोच वापरते. पहिले आठ दिवस निसटत होता, आता बसायलाय. मी विचारलं, आवाज येतो का?

"बारीक येतो," ते म्हणाले. "भिंतीपाशी उभं राहिलं तर येतो."

जुना चेंडू मी पिशवीत घातलाय.